चारी बाजूंनी

"नाना, हा आरसा मघाशीही होता."

"मघाशी होता तो वेगळा."

"त्यालाही अशीच चीर होती. वरपासून खालपर्यंत, सीना नदीसारखी वाकडी."

"आरशांना चिरा जातात, भालचंद्र. चला पुढे."

आणि आम्ही पुढे चाललो. सर्वांत पुढे छत्री टेकत माझे वडील, म्हणजे नाना. त्यांच्यामागे त्यांची थोरली बहीण, आमची आत्या. मग भिंतीला हात लावत लावत आई, मग मी. माझ्यामागे दोन हात अंतर राखून शरयू आणि सर्वांत शेवटी तिचे वडील तात्या वैरागकर, हात जोडलेल्या अवस्थेत. सकाळी एसटी स्टँडवर आम्हाला नमस्कार करायला तात्यांनी जे हात जोडले होते ते दुपारचे तीन वाजले तरी सुटले नव्हते. मधे त्यांनी पोहे कसे खाल्ले, देव जाणे.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या डिसेंबरातली, बार्शीची. बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये त्या वर्षी प्रदर्शन भरलं होतं आणि शेडच्या एका अख्ख्या अंगाला भूलभुलैया उभा केला होता. वर शेडचे पत्रे, खाली फळ्यांच्या पुरुषभर उंच भिंती, जागोजागी आरसे, आणि वळणं किती, तर आदल्या आठवड्यात आत शिरलेलं मांजर बाहेर आलं तेव्हा त्याच्यामागे चार पिल्लं होती, असं मालक सांगत होता. मालक स्वतःला लखनौचा म्हणवायचा. बोलणं मात्र थेट कुर्डुवाडीचं. पण मांजराची गोष्ट खरी असावी. आम्ही जेवढा वेळ आत होतो तेवढ्यात त्या मांजरीची दोन बाळंतपणं उरकली असती.

तर तिथे आम्ही मुलगी बघत होतो. माझ्यासाठी.

नाना करमाळ्याच्या कचेरीत अव्वल कारकून होते आणि आयुष्यात त्यांनी कुठल्याही कागदावर पहिल्या झटक्यात सही केली नव्हती. मुलींचंही तेच. शरयू बारावी. आधीच्या अकरा घरी पोहे खाऊन, पाणी पिऊन, दारात चपला घालताना नाना एकच शब्द बोलले होते : "कळवतो." अकरांपैकी एकाही घरी आजवर कळवलेलं नव्हतं. मी एकोणतिशीत पोचलो होतो. माझ्या बरोबरीच्यांची पोरं बाराखडी गिरवत होती आणि मी अजून दर रविवारी इस्त्रीचा सदरा घालून दुसऱ्यांच्या घरचे पोहे खात होतो.

त्या दिवशी सकाळी वैरागकरांच्या घरी नानांनी नेहमीची प्रश्नावली काढली. तात्या चिंचेचे अडते, घर खाऊनपिऊन सुखी. मुलगी नगरपालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवणारी.

"वर्गात मुलं किती?" नानांनी विचारलं.

"चाळीस."

"ऐकतात का?"

"न ऐकून जातील कुठे?" ती म्हणाली.

तात्यांनी डोळे वटारले. मी मात्र हातातली बशी खाली ठेवली आणि मनाशी ठरवून टाकलं : हीच. ही नाही तर मग राहू दे, मी आयुष्यभर आत्याच्या हातची भाकरी खाईन. पण नवऱ्या मुलाला विचारतो कोण? पोहे कसे झालेत हेसुद्धा आत्यालाच विचारलं होतं.

नाना टोपी सारखी करून म्हणाले, "मुलीला चालताना बघायला हवं."

"बाळ, अंगणात जरा..." तात्या उठलेच.

"अंगणात सगळ्याच सरळ चालतात. स्टँडवर पाटी वाचली मी. 'स्वतःला एकाच वेळी आठ बाजूंनी पाहा.' आपण तिथेच जाऊ. चारी बाजूंनी बघून होईल."

मुलीच्या तोंडावर म्हणाले हे. आत्याला राहवलं नाही. "अरे नाऱ्या, म्हैस घ्यायला आलायस का बाजारात?"

"आक्का, म्हैस चुकली तर विकता येते."

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि मला नको, नानांना पोटात घ्यावं. शरयूनं एकदा नानांकडे नीट पाहिलं. रागानं नव्हे. दुकानात कापड बघताना उलटून बघतात तसं. मग म्हणाली, "चपला घालून येते."

तिची आई पुरणाची तयारी करत घरीच थांबली आणि आमची वरात भूलभुलैयात शिरली.

इथे आमच्या घराण्याची एक रीत सांगितली पाहिजे. टेंभुर्णीकर रस्ता विचारत नाहीत. माझ्या पणजोबांनी विचारला नाही, आजोबांनी विचारला नाही, नानांनीही नाही. एकदा बार्शीच्याच एका लग्नाला निघालेले नाना कुणाला न विचारता मांडवात शिरले, पंगतीत जेवले, आहेर केला आणि मुलीकडच्यांच्या डोळ्यांत पाणी येईल असं चार शब्दांचं भाषणही केलं. लग्न भलत्याचंच होतं. आई चार दिवसांनी तसं म्हणाली तेव्हा नाना म्हणाले, "त्यांनी मांडव चुकीच्या जागी घातला."

हा मनुष्य आमच्या पुढे होता.

सुरुवातीला सगळं त्यांच्या मनासारखं झालं. "बाळ, जरा पुढे चाल." शरयू पुढे चालली. आठ आरशांत आठ शरयू चालल्या. नाना मान तिरकी करून एकेक तपासत गेले.

"जाड वाटते जरा," ते आत्याच्या कानाशी म्हणाले. त्यांची कुजबूज म्हणजे कचेरीतला पुकारा.

"अरे, तो आरसा फुगलाय. तू स्वतः बघ त्यात, रांजण दिसतोयस."

त्या आठ शरयूंपैकी एकीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे आठहीजणींनी पाहिलं. माझे कान तापले; तेही आठ ठिकाणी दिसले असणार.

मग परत फिरायची वेळ आली, आणि नाना डावीकडे वळले.

अर्ध्या तासात आम्ही तो फुटका आरसा चार वेळा ओलांडला. एका वळणावर टोपीवाला एक करारी गृहस्थ समोरून आला आणि वाटेतून हटेना. "अहो, बाजूला व्हा, बायकामाणसं आहेत," नाना म्हणाले. तोही तेच म्हणत होता.

"नाऱ्या, तो तूच आहेस," आत्या म्हणाली.

"माहीत आहे मला. टोपी वाकडी झाली होती, ती सरळ करत होतो."

मी मागे रेंगाळलो तसे तात्या माझ्या कानाशी आले. "भालचंद्रराव, एक सांगू का? शरयूला ही वाट पाठ आहे. परवाच वर्गातली चाळीस पोरं आत नेली तिनं. चाळीसच्या चाळीस बाहेर आणली."

"मग सांगू दे ना तिला!"

"छे, छे!" तात्यांचे जोडलेले हात छातीला चिकटले. "मुलीकडच्यांनी वरपित्याला वाट दाखवायची? ती दाखवायची म्हणजे आधी ते चुकले म्हणायचं. मी सकाळीच बजावलंय तिला, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. नानासाहेबांनी एकदा विचारलं ना, की बघा."

झालं! नाना विचारणार नाहीत आणि ती विचारल्याशिवाय बोलणार नाही. सहा शहाणीसुरती माणसं फळ्यांच्या खोक्यात घाण्याच्या बैलासारखी फिरत होती. ज्याला वाट ठाऊक नव्हती तो पुढे होता आणि जिला ठाऊक होती ती मानाप्रमाणे मागे. मी मागे वळून पाहिलं. शरयू शांत चालत होती. फक्त चुकीचं वळण आलं की क्षणभर थबकायची, बरोबर वाटेकडे एकदा बघायची आणि मुकाट आमच्यामागे यायची. प्रत्येक वळणाला! माझ्या डोक्याची शीर तडतडायला लागली.

"नाना, यांना विचारू या का? यांनी परवाच..."

"कुणाला काही विचारायचं नाही. आता आलंच."

आला तो फुटका आरसा. पाचव्यांदा. आणि आईनं तिथेच बसकण मारली. पांढरीफटक पडली होती. "अहो, माझ्याभोवती सगळं फिरतंय," ती म्हणाली. "इतक्या मी बघवत नाहीत मला."

"ऊठ, ऊठ. दोन वळणं राहिलीत."

"दोन वळणं तू तासाभरापासून सांगतोयस," आत्या म्हणाली.

तेव्हा शरयू पुढे आली. तात्या "शरयू..." म्हणेपर्यंत ती आईजवळ बसलीसुद्धा. "काकू, डोळे मिटा. उघडायचेच नाहीत. माझा हात धरा आणि चाला. पोरांना मी अशीच नेते." तिनं आईला उठवलं आणि नाना जिकडे चालले होते त्याच्या बरोबर उलट दिशेला वळली.

"थांब!" नानांची छत्री फळ्यांवर आपटली. "वाट मी दाखवतोय."

"हो," शरयू म्हणाली, "पण काकूंना बाहेर जायचंय."

आत्यानं एवढ्यात पदर खोचला. "नाऱ्या, मी निघाले. तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे आहेत माझे गुडघे." आणि ती त्यांच्यामागे गेली.

राहिलो मी आणि तात्या. नाना माझ्याकडे वळले. आवाज एकदम खाली आणला त्यांनी. कचेरीत एखाद्याला बदली सांगताना आणायचे तसा. "भालचंद्र, मुलगी वाईट नाही. इथे थांबलास तर मी विचार करीन. तिच्यामागे गेलास तर हे लग्न मोडलं म्हणून समज. पहिल्या दिवशी जी सासऱ्याला सोडून वाट काढते तिला मी घरात आणणार नाही."

आठ आरशांत आठ भालचंद्र उभे होते आणि आठही गाढवं दिसत होती. तिच्यामागे गेलो तर ती गेली. थांबलो तर कदाचित मिळेल. पण तिकडे माझी आई डोळे मिटून परक्या मुलीच्या हाताला धरून चालली होती आणि मी इथे त्याच मुलीसाठी थांबलो होतो म्हणे! एकोणतीस वर्षांत मी नानांचा शब्द मोडला नव्हता. मोडायचा तोही नेमका आजच?

"आईला बघून येतो," मी म्हणालो आणि गेलो.

"मोडलं!" मागून आवाज आला. "तात्या, मोडलं हे लग्न!"

तीन वळणं. देवाशपथ, तीन वळणं, आणि आम्ही बाहेर होतो. मालकानं आईला खुर्ची दिली, सोडा पाजला. थोड्या वेळानं तात्या धडपडत आले; कपाळाला टेंगूळ. नानांची क्षमा मागायला म्हणून ते धावले होते आणि आरशातल्या नानांना जाऊन धडकले होते. ते एका रिकाम्या खोक्यावर बसले. त्यांचे हात सकाळपासून पहिल्यांदाच सुटले होते आणि आता ते कपाळावर होते.

"साहेब राहिले का आत?" मालकानं विचारलं. "थांबा, काढून आणतो."

"कुणी यायचं नाही!" आतून नाना गरजले. "मला वाट माहीत आहे!"

पुढली वीस मिनिटं आतून फक्त छत्रीची टकटक ऐकू येत होती. जवळ यायची, लांब जायची. करमाळ्याची शेवटची गाडी पाचला होती. वैरागकरांकडे पुरण ताटकळत होतं. मी मालकावर चिडलो, तात्यांवर चिडलो, नानांवर तर किती चिडलो ते सांगायला माझं वय आड येतं. शरयूवरसुद्धा चिडलो. आणखी अर्धा तास गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं, असं मनात येऊन गेलं, आणि मग तसं मनात आलं म्हणून स्वतःवर.

भिंतीला एक शिडी टेकलेली होती. तिच्यावर चढून मालक वरून चुकलेल्या माणसांना वाट सांगायचा. शरयूनं पदर खोचला आणि ती शिडी चढायला लागली.

"शरयू! उतर खाली! वरपित्यासमोर..." तात्या ओरडले.

"तात्या, लग्न मोडलं ना? मग वरपिता कुठला? आता ते नुसते वाट चुकलेले गृहस्थ आहेत."

शिडी डुगडुगत होती. मी जाऊन ती धरली. मला आतलं काही दिसत नव्हतं. दिसत होत्या फक्त तिच्या चपला. पण ऐकू सगळं येत होतं.

टकटक थांबली. "कोण आहे वर?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"जिला चारी बाजूंनी बघायला आला होतात ती."

आत छत्री एकदा टेकली. मग : "ए मुली. हे बघ, मी काही विचारत नाही. पण समजा, एखाद्या माणसाला इथून बाहेर पडायचं असेल..."

"तर त्या माणसानं उजवीकडे वळावं."

टकटक टकटक. टकटक. मग एकदम : "अगं, हा तर तोच फुटका आरसा!"

"आरशांना चिरा जातात," शरयू वरून म्हणाली. "चला पुढे."

मला ठसका लागला. आईनं डोळे उघडले. आत्या खुर्ची ओढून शिडीजवळ येऊन बसली.

"मास्तरीणबाई," आतून आवाज आला. थोडा नरमलेला. "आता?"

"आता डावीकडे. मग पुन्हा डावीकडे."

टकटक, टकटक. "परत तोच! बाई गं, वैरागकरांच्या लेकी, काय चाललंय?"

"तुम्ही कुठे जायचं ते मला कुठे सांगितलंत? एखाद्या माणसाचं विचारलंत. एखादा माणूस जातो त्या वाटेनं."

आता छत्रीसुद्धा गप्प. त्या चिरलेल्या आरशासमोर नाना एकटे उभे होते. म्हणजे त्यांच्या चारी बाजूंना नाना, नाना आणि नानाच. तात्यांनी पुन्हा हात जोडले, या वेळी देवाला. मी शिडी इतकी घट्ट धरली होती की हाताला कुसळं गेली.

आणि मग, ज्याला खरंच कुजबूज म्हणता येईल अशी कुजबूज मी नानांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकली :

"सूनबाई, बाहेरची वाट कुठली गं?"

शिडीवरच्या चपला क्षणभर हलल्या नाहीत.

"मागे वळा," ती म्हणाली. "हं. आता सरळ. डावीकडे फट दिसतेय? तीत शिरा. सांभाळून, खाली चौकट आहे. आता उजेड दिसेल."

तीन वळणं. नाना बाहेर आले. टोपी पार कानावर आलेली, धोतराला धूळ. ते कुणाकडेही न बघता तात्यांपुढे उभे राहिले.

"मुहूर्त बघा," ते म्हणाले. मग मालकाकडे वळून, "आतली बांधणी मात्र साफ चुकलीय तुमची."

पाचची गाडी चुकली. पुरणपोळ्या खाऊन आम्ही बार्शीतच राहिलो. वैशाखात लग्न झालं.

पुढच्या संक्रांतीला शरयूनं नानांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला. नाना तिळगुळाकडे बघत म्हणाले, "सूनबाई, एक विचारू?" आता ते तिला सगळंच विचारायचे, कचेरीचे कागदसुद्धा दाखवायचे. घरच्या माणसाला विचारणं म्हणजे विचारणं नव्हे, असा त्यांनी रीतीला पोटनियम काढला होता.

"विचारा ना."

"त्या दिवशी वरून तुला सगळं दिसत होतं?"

"हो."

"पहिल्याच हाकेला मला बाहेर काढता आलं असतं?"

"हो."

आईच्या हातातलं हळदीकुंकवाचं ताट तिथेच थांबलं. आत्या मात्र खुदकन हसली. तिला शिडीजवळ बसल्या बसल्याच कळलेलं असणार. मी तर शिडी धरून उभा होतो आणि मला ती नुसती थट्टा वाटली होती!

"मग दोनदा त्या आरशापुढे नेऊन का उभं केलंस?"

शरयूनं पदर सारखा केला. "तुम्हाला मुलगी चारी बाजूंनी बघायची होती. मला सासरे बघायचे होते."

आता छत्री आपटणार, असं मला वाटलं. पण नाना टोपी सारखी करायला लागले. डोक्यावर टोपी नव्हती तरी.

"मग?" ते म्हणाले. "पसंत पडलो का?"

"कळवते," शरयू म्हणाली.

त्यानंतर नाना एकोणीस वर्षं जगले. दर संक्रांतीला हातावर तिळगूळ पडला की विचारायचे, "सूनबाई, अजून कळवलं नाहीस." आणि ती म्हणायची, "घाई काय आहे? विचार चाललाय." त्यावर हा करारी मनुष्य लहान पोरासारखा खूश होऊन गूळ चघळत बसायचा.

मी तिला पसंत होतो की नव्हतो, ते मात्र मला आजतागायत कळलेलं नाही. आमच्या घराण्यात विचारत नाहीत.